मूल चुकते तेव्हा

परीक्षेत चुकलेल्या उत्तराची किंमत शून्य. घरीही लहान मूल काही भलतेच बोलले की आपण हसतो, नाहीतर चटकन दुरुस्त करतो आणि पुढे जातो. पण या शून्यापाशीच थांबून, 'हे मूल नेमके असेच का चुकले?' असे एका तरुण संशोधकाने विचारले आणि त्या एका प्रश्नातून बालमानसशास्त्राची एक मोठी शाखा उभी राहिली. त्या संशोधकाचे नाव झाँ पियाजे. मानसशास्त्राच्या तासाला पियाजे यांच्या चार अवस्था आपण सगळेच पाठ करतो; संवेदन-कारक, क्रियापूर्व, मूर्त क्रिया आणि औपचारिक क्रिया ही नावे घडाघडा म्हणूनही दाखवतो. त्या तक्त्यामागचा मूळ प्रश्न मात्र बहुधा तासाबाहेरच राहतो. म्हणून मला येथे त्या प्रश्नाविषयी लिहायचे आहे. आणि पुढे तोच प्रश्न खुद्द पियाजे यांच्या प्रयोगांना विचारला गेला तेव्हा काय निष्पन्न झाले, त्याविषयीही.

पियाजे यांचा जन्म ९ ऑगस्ट १८९६ रोजी स्वित्झर्लंडमधील नशातेल येथे झाला. शिक्षणाने ते प्राणिशास्त्रज्ञ. अकरा वर्षांचेही झाले नव्हते तेव्हा बागेत दिसलेल्या एका पांढुरक्या चिमणीवरचे त्यांचे टिपण छापून आले होते आणि १९१८ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली ती शिंपल्या-गोगलगायींसारख्या मृदुकाय प्राण्यांवरील प्रबंधासाठी. त्यानंतर ते पॅरिसला गेले. तेथे आल्फ्रेड बिने यांचे सहकारी थिओडोर सिमाँ यांनी त्यांच्याकडे एक काम सोपवले. सिरिल बर्ट यांनी इंग्लंडमध्ये तयार केलेल्या तर्कविषयक चाचण्या फ्रेंच मुलांसाठी प्रमाणित करायच्या, म्हणजे कोणत्या वयाची किती मुले कोणता प्रश्न सोडवतात याची मोजदाद करायची. काम तसे रुक्षच. पण मोजता मोजता पियाजे यांच्या लक्षात आले की, एकाच वयाची मुले वाटेल तशी चुकत नाहीत, ती एकाच तऱ्हेने चुकतात. ज्या चुकीत अशी शिस्त असते, ती केवळ अज्ञानातून आलेली कशी म्हणावी? तिच्यामागे विचारांची काही रीत असली पाहिजे. मग ते मुलांशी गप्पा मारू लागले. 'तुला असे का वाटते?' हा त्यांचा आवडता प्रश्न झाला. १९२१ साली ते जिनिव्हाच्या रूसो संस्थेत दाखल झाले आणि १६ सप्टेंबर १९८० रोजी निधन होईपर्यंत त्यांनी या प्रश्नाचा पाठपुरावा सोडला नाही.

त्यांचा सर्वांत गाजलेला प्रयोग कोणालाही घरी करता येतो. दोन सारख्या पेल्यांत सारखेच पाणी घ्यावे. दोन्हींत सारखे आहे हे मुलाने मान्य केले की त्याच्यादेखत एका पेल्यातील पाणी उंच, अरुंद भांड्यात ओतावे आणि पुन्हा विचारावे, 'आता दोन्हींत सारखे आहे, की एकात जास्त आहे?' साधारणपणे सहा-सात वर्षांखालील मूल सांगते, उंच भांड्यात जास्त. माझ्या पाच वर्षांच्या भाचीला मी असेच कोकम सरबत ओतून दाखवले. "यात जास्त," ती म्हणाली. का? "बघ ना, किती वर आलंय!" सरबत परत पहिल्या पेल्यात ओतले, तेव्हा "आता सारखं झालं." पुन्हा उंच पेल्यात ओतले, तर "आता परत जास्त." आपण स्वतःच्याच विरुद्ध बोलत आहोत असे तिला क्षणभरही वाटले नाही.

पियाजे यांचे स्पष्टीकरण असे. या वयाचे मूल एका वेळी एकाच अंगाकडे लक्ष देते. उंची वाढली हे त्याला दिसते, पण रुंदी तेवढीच कमी झाली हे ते त्याच वेळी ध्यानात घेत नाही. तसेच झालेली क्रिया मनातल्या मनात उलटी फिरवून पाहणे त्याला अजून जमत नाही. त्याला कमी माहिती असते असे नव्हे, त्याची विचार करण्याची घडणच वेगळी असते. ही घडण कोणी शिकवून बदलत नाही. वस्तू हाताळत, ओतत, मांडत, मोडत मूल ती स्वतः बदलते. मूल म्हणजे लहान मापाचा प्रौढ माणूस नव्हे आणि ज्ञान भरण्याचे रिकामे भांडेही नव्हे, हा पियाजे यांच्या संशोधनाचा गाभा आहे.

त्यांचा दुसरा प्रसिद्ध प्रयोग तीन डोंगरांचा. टेबलावर तीन डोंगरांची प्रतिकृती ठेवायची, मुलाला एका बाजूला बसवायचे आणि दुसऱ्या बाजूला एक बाहुली. त्या बाहुलीला डोंगर कसे दिसत असतील ते चित्रांतून निवडायला सांगायचे. चार-पाच वर्षांची मुले स्वतःला दिसणारेच चित्र निवडतात. यावरून पियाजे यांनी असा निष्कर्ष काढला की, लहान मूल स्वकेंद्रित असते. म्हणजे स्वार्थी नव्हे, तर दुसऱ्याच्या जागेवरून पाहू न शकणारे.

येथे आक्षेप निघाला तो स्कॉटलंडमधून. एडिंबरा विद्यापीठातील मार्गारेट डोनाल्डसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे विचारले की, मूल चुकते ते त्याला विचार करता येत नाही म्हणून, की आपला प्रश्नच त्याला कळत नाही म्हणून? मार्टिन ह्यूज यांनी डोंगरांऐवजी एकमेकींना छेदणाऱ्या दोन भिंती मांडल्या, दोन शिपाई बाहुल्या उभ्या केल्या आणि मुलांना सांगितले, 'या मुलाला अशा जागी लपव की दोन्ही शिपायांना तो दिसणार नाही.' साडेतीन ते पाच वर्षांच्या तीस मुलांची सुमारे ९० टक्के उत्तरे बरोबर आली! पकडणारा आणि लपणारा यांचा डाव मुलांना ठाऊक असतो. डोंगरांच्या चित्रांत तसा माणसांचा व्यवहार काहीच नव्हता.

१९७४ साली प्रसिद्ध झालेला मॅक्गॅरिगल आणि डोनाल्डसन यांचा प्रयोग तर अधिकच गमतीचा. वस्तूंच्या दोन सारख्या ओळी मांडायच्या आणि मग एक ओळ विस्कटायची. संशोधकाने मुद्दाम विस्कटली तेव्हा चार ते सहा वर्षांच्या ८० मुलांपैकी फक्त १३ जणांनी 'अजून सारख्याच' असे सांगितले. पण एका 'खट्याळ अस्वला'ने मध्येच घुसून ती विस्कटली असे नाटक केले, तेव्हा हा आकडा ५० वर गेला. ओळी त्याच, प्रश्न तोच. मग फरक कशाने पडला? मोठ्या माणसाने मुद्दाम काहीतरी बदल केला आणि लगेच तोच प्रश्न पुन्हा विचारला, तर मुलाला वाटते की उत्तरही बदलायला हवे. नाहीतर यांनी पुन्हा विचारले कशाला? हे वाचले तेव्हा मला सरबताचा प्रयोग आठवला. दुसऱ्यांदा विचारल्यावर भाचीने पेल्याकडे पाहण्याआधी माझ्या तोंडाकडे पाहिले होते. एका मुलीवरून शास्त्र सिद्ध होत नाही हे खरे, पण ती नजर मला बरेच काही सांगून गेली.

डोनाल्डसन यांचे 'चिल्ड्रन्स माइंड्स' हे पुस्तक १९७८ साली प्रसिद्ध झाले. त्यामुळे पियाजे खोटे ठरले काय? मला तसे वाटत नाही. अस्वलाने ओळ विस्कटली तरी ८० पैकी ३० मुले चुकलीच, हेही विसरून चालणार नाही. वयाच्या ज्या सीमा पियाजे यांनी आखल्या त्या बऱ्याच सैल आहेत आणि मुलांच्या क्षमतेचा अंदाज त्यांनी कमी केला होता, एवढे आता मान्य झाले आहे. पण चुकीमागे तर्क असतो हे त्यांचे सूत्र डोनाल्डसन यांनी मोडले नाही, उलट पुढे नेले. पियाजे यांनी मुलाच्या मनात डोकावून पाहिले. डोनाल्डसन यांनी विचारणारा आणि उत्तर देणारा या दोघांकडे एकदम पाहिले.

आपल्या वर्गांतून हे रोज घडते. फळ्यापाशी उभा असलेला मुलगा बरोबर उत्तर देतो. गुरुजी भुवया उंचावून म्हणतात, "नक्की?" आणि मुलगा उत्तर बदलतो. मग तो 'कच्चा' ठरतो. त्याचे गणित कच्चे नसते, त्याने गुरुजींचा चेहरा वाचलेला असतो. असे दोन-चारदा झाले की 'मठ्ठ' हा शिक्का बसतो आणि तो शिक्का पुष्कळांना जन्मभर पुसता येत नाही.

आपल्या कला शाखेतील कितीतरी विद्यार्थी पुढे बी.एड. करतील, शाळांतून शिकवतील. बहुतेक जण आईबाप तर होतीलच. तेव्हा चार अवस्थांची नावे विसरली तरी हरकत नाही. उत्तरावर लाल फुली मारण्याआधी 'तुला असे का वाटले?' एवढे विचारावे, उत्तर शांतपणे ऐकावे आणि मग आपण विचारलेला प्रश्न त्याला कसा ऐकू आला असेल, याचाही थोडा विचार करावा. फुली नंतरही मारता येते.