वंशावळकार लाइब्निट्सची पत्रे

लाइब्निट्स तत्त्वज्ञ व गणिती म्हणून सर्वपरिचित आहे. परंतु आयुष्याची अखेरची तीस वर्षे त्याच्या माथी वंशावळकाराचे काम होते, हे सहसा ध्यानात येत नाही. १६८५ मध्ये हानोव्हरच्या ड्यूकने आपल्या वेल्फ घराण्याचा इतिहास त्याच्याकडे सोपविला. धन्यास हवी होती प्राचीनत्वाची ग्वाही; लाइब्निट्सला हवा होता पुरावा. १६८७ ते १६९० या काळात तो दक्षिण जर्मनी, ऑस्ट्रिया व इटली हिंडला. अकराव्या शतकात इटलीतील एस्ते घराण्याचा दुसरा अत्सो व वेल्फ कुळातील कुनिगुंडे यांच्या विवाहातून ही दोन्ही कुळे जोडली गेली, हे त्याने हस्तलिखिते व थडग्यांवरील लेख यांवरून सिद्ध केले. पुढे मोदेनाचा ग्रंथपाल मुरातोरी याच्याशी याच विषयावर त्याचा पत्रव्यवहार चालला.

१७१४ मध्ये हानोव्हरचा अधिपती इंग्लंडचा राजा झाला. पण इतिहास पुरा झाल्यावाचून लाइब्निट्सला लंडनला येण्याची परवानगी मिळाली नाही. १७१६ मध्ये तो वारला, तेव्हा कथन इ. स. १००५ पर्यंतच पोहोचले होते. तो अपुरा ग्रंथ १८४३ नंतर छापला गेला. पत्रे मात्र सुमारे १५,००० उरली आहेत. बहुतेक लॅटिन, फ्रेंच व जर्मन भाषांत.

ग्रंथ निर्णय सांगतो; शंका, तर्क आणि धन्याचा तगादा पत्रांतच उमटतो. म्हणून आपल्याकडील कुलवृत्तांतांच्या संपादकांची पत्रेही छापील ग्रंथांइतकीच जतन करण्याजोगी होत.