वृत्तपत्रातील उमेदवारी

‘उमेदवार’ हा शब्द मराठीत फारसीतून आला; त्याचा मूळ अर्थ आशा बाळगणारा. निवडणुकीच्या संदर्भात तो रूढ होण्यापूर्वी, पुढे नोकरी मिळेल या आशेने कचेरीत बिनपगारी काम शिकणाऱ्यास तो लावीत असत. आज जिला ‘इंटर्नशिप’ म्हणतात, ती या जुन्या अर्थाची उमेदवारीच होय.

वृत्तपत्रात ती मिळविण्यासाठी विद्यार्थी अर्जात बहुधा आपली पत्रकारितेवरील निष्ठा वर्णितो. संपादकास मात्र कामाचा नमुना हवा असतो. नगरपालिकेच्या सभेस स्वतः बसून लिहिलेली दीडशे शब्दांची बातमी त्यास प्रशस्तिपत्राहून अधिक उपयोगी वाटते. कोणी, काय, कोठे, केव्हा यांची उत्तरे तीत आरंभीच यावीत. नावे व आकडे पडताळलेले असावेत. शुद्धलेखन त्या पत्राच्या रूढीस धरून असावे.

उमेदवारीची मुदत, विद्यावेतन व बातमीवर नाव छापण्याची पद्धत ही प्रथमच लेखी विचारून घेण्यात काहीही अनुचित नाही. केवळ आशेवर राबणे ज्यांना परवडते त्यांनाच ही वाट मोकळी राहिली, तर वृत्तपत्राची भाषाही त्यांच्यापुरतीच उरेल.