न दिसणाऱ्या उजेडातला मोक्षपट

साप आणि शिड्यांचा मोक्षपट परंपरेने संत ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडला जातो. जुन्या पटांत घरांची संख्या वेगवेगळी आढळते. साप दुर्गुणांचे आणि शिड्या सद्गुणांच्या, हे सूत्र मात्र कायम. हे पट केवळ पाहून समजत नाहीत, खेळावे लागतात. टेबलावर पट उजेडानेच काढला, तर एका बैठकीत दोन-तीन पट खेळून त्यांची तुलना करता येते. त्यासाठी मी कल्याणच्या घरी जी मांडणी केली, तिची ही रीत.

पट काढायला वरून खाली रोखलेला प्रोजेक्टर पुरतो. खरी अडचण सोंगटी ओळखण्याची. प्रोजेक्टरने काढलेला लाल साप सोंगटीच्या अंगावरही पडतो आणि साध्या कॅमेऱ्याला दोन्ही वेगळे करता येत नाहीत. म्हणून डोळ्यांसाठी एक उजेड आणि यंत्रासाठी दुसरा, अशी वाटणी करावी लागते. हा दुसरा उजेड म्हणजे अवरक्त, इन्फ्रारेड. विल्यम हर्षेलने १८०० साली वर्णपटात लाल रंगाच्या पलीकडे तापमापक ठेवून तो शोधला. टीव्हीचा रिमोट त्यावरच चालतो. बार्सिलोनाच्या ‘रिअ‍ॅक्टेबल’ या वाद्यटेबलातही हीच वाटणी आहे, फक्त तिथे कॅमेरा आणि प्रोजेक्टर दोन्ही टेबलाखाली असतात.

साध्या वेबकॅमच्या भिंगामागे अवरक्त अडवणारी काच असते. ती काढून तिथे जुन्या फ्लॉपीच्या चकतीचा तुकडा बसवला की दिसणारा उजेड अडतो, अवरक्त आत येतो. भिंगाभोवती ८५० नॅनोमीटरचे एलईडी लावायचे. ते लॅमिंग्टन रोडला मिळतात. सोंगटीवर ट्रकच्या मागे रात्री चमकते तशी पट्टी चिकटवायची. ही पट्टी उजेड आला त्याच दिशेला परत पाठवते. त्यामुळे हाताची त्वचा अंधूक आणि सोंगटी लख्ख दिसते. ऊन आणि तारेचा बल्ब यांतही अवरक्त भरपूर असल्यामुळे खिडकी झाकून एलईडी दिव्यातच खेळायचे.

प्रोजेक्टर पटाच्या चार कोपऱ्यांत एकेक खूण टाकतो. तिथे सोंगटी ठेवली की कॅमेऱ्याच्या चित्रातली तिची जागा नोंदली जाते. या चार जोड्यांवरून पुढच्या प्रत्येक ठिपक्याचे घर गणिताने निघते. माझे घर ८ सेंटिमीटरचे आहे. कॅमेऱ्याचा एक बिंदू साधारण २ मिलिमीटर व्यापतो, म्हणजे अचूकता पुरेशी आहे.

आता प्रश्न उरतो यंत्राला किती काम द्यायचे, हा. संगणक दान टाकू शकतो, पुढचे घर उजळून दाखवू शकतो. पण मग खेळणारा घरे मोजत नाही आणि वाटेतली क्रोध, लोभ, दया ही नावे वाचत नाही. या पटाची शिकवण तर त्या मोजण्यातच होती. म्हणून कवड्या हातातच ठेवल्या. सोंगटी अर्धा सेकंद स्थिरावली की मगच त्या घराचा साप किंवा शिडी उजळते. दान किती पडले, हे यंत्राला माहीत नसते. मोजण्यात कोणी लबाडी केली, तर ती समोर बसलेल्यानेच पकडायची.