भाचा, भाता आणि मद्यार्क

आपल्या मोटारीच्या टाकीत आज जे पेट्रोल पडते, त्याचा पाचवा हिस्सा पेट्रोल नसतोच मुळी! तो असतो मद्यार्क. पंपावर त्याला इथेनॉल म्हणतात. कधी तो उसाच्या मळीतून किंवा रसातून काढलेला असतो, कधी मक्यातून, तर कधी तुकडा तांदळातून. २०२५ साली हे प्रमाण वीस टक्क्यांवर पोचले आणि तेव्हापासून सोसायटीच्या आवारात काय नि लग्नाच्या पंगतीत काय, एकच तक्रार कानी येते : गाडीचे ॲव्हरेज उतरले. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने ती याचिका फेटाळली.

तक्रार खोटी नाही. पण या गलबल्यात मद्यार्काच्या अंगचा एक मोठा गुण मात्र झाकून राहिला आहे, आणि तो ज्या गाड्यांच्या कामी येतो त्या टर्बोच्या गाड्या आता मध्यमवर्गीयांच्या दारांतही उभ्या राहू लागल्या आहेत. माझी सारी नोकरी पिंपरीच्या एका कारखान्यात, इंजिनांची चाचणी घेणाऱ्या खोलीत गेली. तेव्हा या विषयावर दोन शब्द बोलण्याचा मला थोडाफार अधिकार आहे असे समजतो.

टर्बो म्हणजे काय, तर लोहाराचा भाता. इंजिनातून वाया जाणारा गरम धूर एका चिमुकल्या चक्राला फिरवतो. त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. ही चक्रे मिनिटाला लाखावर फेरे घेतात! लोहाराच्या भात्याला ओढणारा पोऱ्या लागतो. इथे विस्तवच स्वतःचा भाता ओढतो. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त, म्हणून ताकद जास्त. लहानशा तीन सिलिंडरच्या इंजिनातून मोठ्या इंजिनाचा जोर निघतो, तो असा.

पण दाबलेली हवा तापते. सायकलला हवा भरताना पंपाच्या बुडाशी हात लावून पाहा, चटका बसेल. अशा तापलेल्या हवेत पेट्रोल मिसळले, की ठिणगीची ज्योत पसरत जाण्यापूर्वीच कोपऱ्यातले मिश्रण आपण होऊन भडकते. पत्र्याच्या डब्यात खडे खुळखुळावेत तसा आवाज येतो. यालाच नॉकिंग म्हणतात. चाचणीच्या खोलीत तो आवाज कानी पडला, की आम्ही हातातला घास टाकून धावत असू. कारण तो फार वेळ चालू दिला तर पिस्टनचा माथा फुटतो. इंधन हा दाब कितपत सोसते हे सांगणारे माप म्हणजे ऑक्टेन.

हे ऑक्टेन वाढवण्यासाठी १९२१ साली अमेरिकेत टॉमस मिजली यांनी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग घालण्याची युक्ती शोधली. मद्यार्कानेही हे काम होते, हे तेव्हाही माहीत होते. पण शिसे चिमूटभर पुरे आणि स्वस्त, म्हणून जगाने शिसे पत्करले, आणि पुढे कित्येक दशके मुलाबाळांच्या रक्तात ते भिनत राहिले. आपल्याकडे शिशाचे पेट्रोल बंद व्हायला २००० साल उजाडले. असो.

मद्यार्काचे ऑक्टेन १०८च्या आसपास, आपल्या साध्या पेट्रोलचे ९१. शिवाय त्याचा दुसरा गुण याहूनही मोलाचा. सुई टोचण्यापूर्वी डॉक्टर दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवतात तेव्हा कसे गार वाटते? मद्यार्क उडताना भोवतालची उष्णता शोषून घेतो. पेट्रोलच्या अडीच पट म्हटले तरी चालेल. भात्याने तापवलेली हवा तो सिलिंडरातच निववतो. मग भाता आणखी जोराने ओढायला हरकत ती कसली?

आता दोष. लिटरमागे त्याची उष्णता पेट्रोलच्या दोन तृतीयांशच भरते. शिवाय एक किलो पेट्रोल जाळायला पावणेपंधरा किलो हवा लागते, तर एक किलो मद्यार्काला नऊच. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी इंधन जास्त ओतावे लागते.

हा गुण आणि हा दोष यांचा मेळ कसा घालावा, हे स्वीडनमधल्या साब कंपनीने दाखवून दिले. साध्या कौटुंबिक गाडीला टर्बो बसवून १९७७ साली साबने नाव कमावलेच होते. २००५ साली तिने ९-५ नावाच्या गाडीची बायोपॉवर आवृत्ती आणली. तिच्यात पेट्रोल घाला नाहीतर पंचाऐंशी टक्के मद्यार्काचे मिश्रण घाला, दोन्ही चाले. पेट्रोलवर इंजिन १५० अश्वशक्तीचे, मद्यार्कावर तेच १८० अश्वशक्तीचे! यात जादू नव्हती. गाडीचा संगणक नॉकिंगची चाहूल चक्क स्पार्क प्लगमधूनच घेई. इंधन दाब सोसते आहे असे दिसले, की ठिणगी थोडी आधी पाडी आणि भात्याचा जोर वाढवी. व्हॉल्व्ह अधिक टणक केले होते. टाकी, पंप आणि नळ्या मद्यार्काला टिकतील अशा घातल्या होत्या. इंधनाचा खप मात्र वाढे. साब कंपनीचे २०११ मध्ये दिवाळे निघाले, पण विद्या बुडाली नाही. त्याच देशातल्या कोनिगसेग कंपनीने २०१९ मध्ये दाखवलेली जेस्को ही दोन टर्बोंची गाडी पेट्रोलवर १२८० अश्वशक्ती देते, तर मद्यार्काच्या मिश्रणावर १६००. किंमत विचारायच्या भानगडीत आपण पडू नये हे बरे.

हे सारे वाचून ज्याचे डोके फिरले तो माझा भाचा. त्याची टर्बोची गाडी नवीकोरी, हप्ते अजून चार वर्षांचे, आणि कर्जाला जामीन माझी ताई. एके रविवारी तो माझ्याकडे आला तो बेत आखूनच.

“मामा, पंपावर इथेनॉल १०० मिळतं ना? अर्धी टाकी ते, अर्धी साधं पेट्रोल. एक गॅरेजवाला गाडीचा प्रोग्रॅम बदलून देतोय. ताकद किती वाढेल, सांगा!”

इथेनॉल १०० मिळते हे खरे. इंडियन ऑइलने मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांतल्या निवडक पंपांवर ते आणले. त्यात सुमारे त्र्याण्णव टक्के मद्यार्क असतो. पण ते अशा इंधनासाठीच घडवलेल्या गाड्यांसाठी आहे. मी कागद-पेन्सिल घेतली. अर्धे त्र्याण्णवचे, अर्धे विसाचे, म्हणजे टाकीत मद्यार्क झाला साडेछप्पन टक्के. त्याच हवेला इंधन लागणार सहाव्या हिश्शाने जास्त.

“हे जास्तीचं इंधन देणार कोण?” मी विचारले. “तुझ्या गाडीचा पंप नि फवारे वीस टक्क्यांच्या हिशेबाने बसवलेत. सपाटीला निवांत चाललास तर धुरातला प्राणवायू मोजणारं यंत्र सावरून घेईल. पण खंबाटकी घाटात पाय तळापर्यंत दाबलास, भाता पुरा भरला आणि फवारे कमी पडले, तर आत हवा जास्त नि इंधन कमी. पिस्टन वितळतो, बाबा! आणि कंपनीची हमी तर प्रोग्रॅम बदलल्या दिवशीच गेली.”

“मग साध्या पंपावरच्या वीस टक्क्यांचा मला उपयोग काय?”

प्रश्न बिनतोड होता. वीस टक्क्यांच्या पेट्रोलचे ऑक्टेन ९५ ठरवले आहे. ते वापरून घेण्यासाठी जे इंजिन बेतले असेल, त्याला लाभ मिळतो. ९१वर बेतलेल्या जुन्या इंजिनाच्या वाट्याला नुसती उष्णतेची घट येते. नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालातच हे आकडे आहेत : मूळ बिनमद्यार्काच्या पेट्रोलसाठी घडवून दहा टक्क्यांना जुळवलेल्या चारचाकीचे ॲव्हरेज सहा ते सात टक्के उतरते, तर वीस टक्क्यांना जुळवलेल्या गाडीचे एक ते दोन टक्केच. माझे स्पष्ट मत असे, की वाढलेले ऑक्टेन आपल्या गाडीला किती पचते, हे गाडी विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला लेखी सांगायला हवे.

भाच्याने बेत सोडला. निदान हप्ते फिटेपर्यंत. पण ताईने निराळाच प्रश्न काढला : तो कामानिमित्त चार महिने परगावी जाणार, तेव्हा भर पावसाळ्यात गाडी दारात उभी राहणार, त्याचे काय? ताईचा प्रश्न भाच्याच्या प्रश्नाहून शहाणपणाचा. मद्यार्क हवेतली ओल ओढून घेतो. पाणी फार झाले की मद्यार्क त्याच्यासह तळाशी बसतो आणि वर उरते ते ऑक्टेन हरवलेले पेट्रोल. अशा पेट्रोलवर भाता ओढला की आलाच तो खड्यांचा आवाज! रिकाम्या टाकीत ओलसर हवेला जागा जास्त, म्हणून टाकी गच्च भरून ठेवायची, झाकणाचे रबर तपासायचे आणि पेट्रोल महिनोन्महिने साठू न देता वापरत राहायचे.

टाकी भरून त्याने किल्ली ताईकडे दिली आहे. दर रविवारी गाडी फिरवून आणायचे काम अर्थातच माझ्याकडे आले. येत्या रविवारी ताईला घेऊन खंबाटकीपर्यंत जाईन म्हणतो.