घाटातलं वळण आणि सावाची मान

पोरांनो, गाडी लागते ती पोटामुळे नव्हे, कानामुळे. हसू नका, सांगतो.

आता तुम्ही पोलादपूर सोडलं की कशेडीच्या बोगद्यातून भुर्रकन खेडच्या बाजूला उतरता. आमच्या वेळी लाल डब्यातून अख्खा घाट चढावा लागे. एक वळण संपतं न संपतं तोच दुसरं. कुणाच्या मुठीत लिंबू, कुणाच्या गालात आवळासुपारी, आणि कंडक्टरचा हुकूम, "त्या पोराला खिडकीशी बसवा!" त्यातही जो मान खाली घालून पुस्तक वाचत असे, त्याचाच नंबर पहिला लागायचा. का?

कानाच्या पडद्याच्याही पलीकडे, कवटीच्या हाडात, दोन्ही बाजूंना तीन-तीन बारीक अर्धवर्तुळाकार नलिका असतात. एकमेकींशी काटकोनात बसवलेल्या, आत पाण्यासारखा द्रव. तांब्यात पाणी भरा, वर तुळशीचं पान सोडा आणि तांब्या झटकन फिरवा. तांब्या फिरतो, पान क्षणभर जागच्या जागी. डोकं वळलं की नलिकेतला द्रवही असाच मागे राहतो. त्याच्या रेट्याने आतले केसांसारखे सूक्ष्म तंतू वाकतात आणि मेंदूला वर्दी जाते, की मान वळली, अमक्या बाजूला, अमक्या वेगाने. घाटात कान म्हणतात, "वळलो!" पुस्तकावर खिळलेले डोळे म्हणतात, "छे, आपण तर जागीच." दोघांच्या भांडणात मेंदू गांगरतो आणि पोट ढवळतं.

"आबा, तुम्ही जपानच्या फुटबॉलवालीची गोष्ट सांगणार होता ना?"

तिकडेच निघालोय. आधी एक करा. पुस्तक हातभर अंतरावर धरा. डोकं स्थिर ठेवून पुस्तक भराभर डावी-उजवीकडे हलवा. अक्षरं फिसकटली? आता पुस्तक स्थिर धरा आणि 'नाही नाही' म्हणतो तशी मान तेवढ्याच वेगाने हलवा. वाचता येतंय की नाही? मान उजवीकडे गेली की डोळे बरोब्बर तेवढेच डावीकडे वळतात. हुकूम देतात त्या कानातल्या नलिका, आणि तो डोळ्यांपर्यंत पोचायला सेकंदाचा जेमतेम शंभरावा भाग लागतो. "चित्र हललं" हे डोळ्यांनी ओळखून मग वळायचं म्हटलं, तर याच्या कितीतरी पट वेळ जाईल. ही सोय नसती तर धावताना समोरचं काही धड दिसलंच नसतं.

आता होमारे सावा. जन्म १९७८चा, टोकियोजवळच्या फुचूचा. पंधराव्या वर्षी ती जपानच्या संघात आली आणि पहिल्याच सामन्यात फिलिपिन्सवर चार गोल करून मोकळी झाली! तिची जागा मधल्या फळीत. बचावपटूला सगळं मैदान समोर दिसतं, पुढच्या फळीला गोल खुणावत असतो. मधल्या फळीतल्याला मात्र चारी बाजूंनी माणसं. आणि आपल्या डोळ्यांना अगदी स्पष्ट दिसतं ते किती? हात लांब करून अंगठा धरा, त्याच्या नखाएवढं. बाकीचं सगळं धूसर. म्हणून मधल्या फळीतली चांगली खेळाडू चेंडू पायाशी येण्याआधीच खांद्यावरून मागे, डावीकडे, उजवीकडे नजर टाकून घेते. टीव्हीवर सामना बघाल तेव्हा चेंडू सोडून तिची मान बघा. मला तर खरा खेळ तिथेच दिसतो, आणि त्या हलत्या मानेला साथ देतात त्या कानातल्याच नलिका.

१७ जुलै २०११. जर्मनीतलं फ्रँकफर्ट, विश्वचषकाचा अंतिम सामना. समोर अमेरिका, जिला जपानने त्याआधी कधीच हरवलं नव्हतं. मायदेशी मार्चमधल्या भूकंप आणि त्सुनामीच्या जखमा ताज्या. जादा वेळेतलं ११७वं मिनिट, जपान १-२ ने मागे. सावाची सहकारी आया मियामाने कॉर्नर मारला. कोपऱ्यापासून जवळच्या खांबापर्यंत तीसेक मीटर, म्हणजे चेंडूला दीड-एक सेकंद. बत्तीस वर्षांची सावा त्या खांबाकडे झेपावली आणि उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेने तिने चेंडू नुसता वळवला. जोर लावलाच नाही. वेग मियामाने दिलेला होताच, बदलायची होती फक्त दिशा. बूट आणि चेंडू एकमेकांना भेटतात ते सेकंदाचा शंभरावा भाग, आणि माणसाला काही बघून हलायला तर पाचवा भाग लागतो. म्हणजे पाय चेंडूला लागला त्या क्षणी ती काही ठरवूच शकत नव्हती! कुठे धावायचं, पाय कसा धरायचा, हे आधीच ठरलेलं. डोळे चेंडूवर, आणि गोल कुठे आहे ते डोक्यात. २-२. पुढे पेनल्टींवर जपान ३-१ ने जिंकलं. पाच गोल करून सावा स्पर्धेत सर्वाधिक गोल करणारी ठरली, सर्वोत्तम खेळाडूही तीच.

जपानच्या पोरी आपल्याकडेही खेळून गेल्यात बरं. २०२२च्या आशिया चषकात पुण्याला बालेवाडीत त्यांचे सामने झाले. ३ फेब्रुवारीला तिथेच त्या चीनकडून पेनल्टींवर हरल्या. करोनामुळे प्रेक्षकांना बंदी, नाहीतर मी तुम्हाला घेऊन गेलो असतो. तोवर सावा निवृत्त झालेली होती.

"मग तिचा शेवटचा सामना?"

२७ डिसेंबर २०१५, जपानच्या एम्प्रेस चषकाची अंतिम लढत. वय ३७. पाय जड झाले असतील, पण पुन्हा एक कॉर्नर आला आणि सावाने तो डोक्याने गोलात घातला. तिचा कोबेचा संघ १-० ने जिंकला.