पैसा की आवड? गेममधल्या कारागिराला हा प्रश्न कसा विचारायचा



माझ्या पहिल्या सिनॉप्सिसचं शीर्षक होतं, ‘ऑनलाइन गेममधील कारागीर खेळाडू : संपत्ती की आवड?’ मला ते फार भारी वाटलं होतं. गाईडनी वाचलं आणि एवढंच विचारलं, “समजा उत्तर ‘आवड’ आलं. ते आवडच आहे, हे तुला कशावरून कळणार?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजची पोस्ट त्या एका प्रश्नावर आहे. तुम्ही पेटची किंवा सिनॉप्सिसची तयारी करत असाल तर विषय कोणताही असो, हा प्रश्न तुम्हालाही कुणीतरी विचारणारच.

आधी गेम समजून घेऊ

मोठ्या ऑनलाइन मल्टीप्लेअर गेममध्ये हजारो लोक एकाच काल्पनिक जगात वावरतात. बरेच जण लढाया करतात. काही जण मात्र खनिज खणतात, कातडी आणि वनस्पती गोळा करतात आणि त्यातून तलवारी, चिलखतं, औषधं किंवा जहाजं बनवून विकतात. यांना क्राफ्टर म्हणतात, म्हणजे आपल्या भाषेत कारागीर. २००३ साली आइसलँडमध्ये सुरू झालेल्या ‘ईव्ह ऑनलाइन’मधली बहुतेक सगळी जहाजं खेळाडूंनीच बनवलेली असतात आणि त्यांचे भावही खेळाडूंच्या खरेदी-विक्रीतूनच ठरतात.

अर्थशास्त्रज्ञांचं याकडे लक्ष गेलं ते एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा यांच्या २००१ च्या निबंधामुळे. ‘एव्हरक्वेस्ट’ गेममधल्या नॉराथ या जगाचा त्यांनी देशासारखा हिशोब मांडला. गेममधलं चलन आणि वस्तू तेव्हा बाहेर लिलावात खऱ्या डॉलरला विकल्या जात होत्या. त्यावरून त्यांनी काढलेली कमाई तासाला सुमारे ३.४२ डॉलर भरली आणि दरडोई उत्पन्न २,२६६ डॉलर. म्हणजे हा ‘देश’ साधारण रशिया आणि बल्गेरियाच्या मध्ये बसला! त्यानंतर ‘जाऊ दे, खेळच आहे’ म्हणणं अवघड झालं.

आता आपला प्रश्न. तासन्‌तास बसून तलवारी घडवणारा माणूस पैशासाठी घडवतो की आवडीसाठी?

पहिला सापळा : तोट्यात विकतो, म्हणजे आवड असणार

समजा एका तलवारीला लागणारं साहित्य बाजारात १०० नाण्यांना मिळतं आणि कारागीर तलवार ८० ला विकतो. पटकन लिहावंसं वाटतं, ‘बघा, पैशाची पर्वा नाही, ही आवड आहे.’ थांबा. याची किमान तीन कारणं असू शकतात.

एक, तो कौशल्याची पातळी वाढवतोय. त्यासाठी एकच वस्तू पन्नास वेळा बनवावी लागते आणि तो ढीग मिळेल त्या भावात काढून टाकावा लागतो. दोन, साहित्य त्याने स्वतः खणलंय, म्हणून त्याच्या लेखी ते फुकट आहे. ‘मी खणलेलं खनिज फुकट’ या समजुतीची ईव्हचे जुने खेळाडू कायम थट्टा करतात. कारण खनिज तसंच विकलं असतं तर १०० मिळाले असते. तलवार करून त्याने २० गमावले, पण त्याला मात्र ८० कमावल्यासारखं वाटतं. आणि तीन, त्याला खरंच आवड आहे. तुमच्याकडे फक्त विक्रीचे भाव असतील, तर या तिघांत फरक करता येत नाही.

मी मालेगावचा. नाशिकचं यंत्रमागांचं मालेगाव नव्हे, वाशीम जिल्ह्यातलं. आमच्याकडे हा हिशोब समजायला गेमची गरज नाही, सोयाबीन पुरतं. कृषी खर्च व मूल्य आयोग पिकाचा खर्च वेगवेगळ्या पद्धतींनी मांडतो. ‘ए२’ म्हणजे बी-बियाणं, खत, लावलेली मजुरी असा प्रत्यक्ष झालेला खर्च. ‘ए२ अधिक एफएल’मध्ये घरच्या माणसांच्या श्रमाची किंमत मिळवतात. ‘सी२’मध्ये त्याशिवाय स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरचं व्याजही धरतात. तेच पीक, तोच भाव, पण एका पद्धतीत नफा दिसू शकतो आणि दुसऱ्या पद्धतीत तोटा.

आमच्या गल्लीत एक सुतारकाका आहेत. त्यांना मी एकदा विचारलं, “काका, या पाळण्याच्या किमतीत तुमची मजुरी किती धरली?” ते म्हणाले, “घरचंच तं काम हाय बाप्पा, त्याची काय मजुरी धरू?” याला आवड म्हणायचं की घरच्या श्रमाची किंमत न धरण्याची सवय? नुसत्या पाळण्याच्या किमतीवरून सांगता येणार नाही.

म्हणून पहिला नियम असा : कोणता खर्च धरणार आणि कोणता नाही, हे डेटा हातात येण्याआधी लिहून ठेवा.

दुसरा सापळा : फुकट करतो, म्हणजे निःस्वार्थ

गेममध्ये गिल्ड असतात, म्हणजे एकत्र खेळणाऱ्यांचे गट. ‘तू साहित्य आण, मी चिलखत करून देतो’ असा व्यवहार तिथे सर्रास चालतो आणि मजुरी बऱ्याचदा शून्य असते. नोंदीत हा व्यवहार दानासारखा दिसतो. पण पुढच्या मोहिमेत त्याच कारागिराला सोबत नेलं जातं, दुर्मीळ साहित्य मिळालं की आधी त्याला दिलं जातं, नवी कृती सापडली की तीही त्याच्याकडे येते.

हे ओळखीचं वाटतंय ना? त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या पुस्तकात बलुतेदारीचं वर्णन आहे. सुतार, लोहार शेतकऱ्याची अवजारं वर्षभर नीट ठेवायचे आणि सुगीला धान्याच्या रूपात बलुतं घ्यायचे. प्रत्येक फाळाची वेगळी किंमत नसायची. एखाद्या दिवसाचा व्यवहार पाहिला असता तर तुम्हीही लिहिलं असतं, ‘लोहाराने फाळ फुकट शेवटून दिला.’ म्हणून दुसरा नियम : एकटी देवघेव पाहू नका, त्या दोघांमधला वर्षभराचा हिशोब पाहा.

मग आवड मोजायची तरी कशी?

सगळ्यात आधी शीर्षकातला ‘की’ काढा. निक यी यांनी २००६ मध्ये सुमारे ३,००० खेळाडूंच्या उत्तरांचं विश्लेषण करून खेळण्यामागच्या प्रेरणांचे दहा घटक काढले आणि ते यश, सामाजिकता व रमणं अशा तीन गटांत मांडले. आपल्या कामाचा मुद्दा असा की, एक प्रेरणा जास्त असली म्हणून दुसरी कमी असायलाच हवी असं नाही. म्हणजे पैसा आणि आवड ही एकाच पट्टीची दोन टोकं धरू नका. दोन वेगळ्या पट्ट्या घ्या. एकाच माणसाला दोन्हींवर भरपूर गुण मिळू शकतात.

दुसरी गोष्ट, नुसतं विचारू नका, वागणंही बघा. १९७१ मध्ये एडवर्ड डेसी यांनी २४ विद्यार्थ्यांना ‘सोमा’ नावाचं ठोकळ्यांचं कोडं दिलं. तीन बैठका होत्या. मधल्या बैठकीत निम्म्या जणांना सुटलेल्या प्रत्येक कोड्यामागे एक डॉलर दिला, तिसऱ्या बैठकीत कुणालाच काही नाही. प्रत्येक बैठकीत संशोधक आठ मिनिटं खोलीबाहेर जायचा आणि कोण स्वतःहून कोडं हातात घेतं, याची नोंद व्हायची. पैसे मिळून बंद झालेल्या गटाचा हा वेळ घटला. गट अगदी लहान होते, त्यामुळे यावर पुढे भरपूर प्रयोग झाले आणि वादही झाले. पण युक्ती शिकण्यासारखी आहे : बक्षीस काढून घ्या आणि काय उरतं ते बघा.

गेममध्ये हे आपोआप घडतं. कंपनी एक अपडेट आणते आणि एखाद्या वस्तूचा भाव रातोरात कोसळतो. नफा गेल्यावरही ती वस्तू कोण बनवत राहिलं, हे तुम्हाला तारखेनिशी तपासता येतं.

पण इथे तिसरा सापळा आहे. टिकून राहिलेले सगळे आवडीनेच टिकले असं नाही. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये अनेक वर्षं नियम होता की एका पात्राला दोनच मुख्य व्यवसाय घेता येतात आणि एक सोडला की त्यातलं कमावलेलं कौशल्य जातं. मग माणूस तोट्यातही तेच करत राहतो. लाकडी अवजारांची मागणी आटल्यावर रंधा न सोडलेल्या प्रत्येक सुताराला आपण कलाप्रेमी म्हणणार का? त्याला दुसरी वाट होती का, हे आधी विचारावं लागेल.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

माझा बदललेला प्रश्न असा झाला : ‘भाव कोसळल्यानंतर, दुसऱ्या व्यवसायाकडे वळणं सोपं असतानाही, कोणते कारागीर तेच काम चालू ठेवतात आणि त्यामागची कोणती कारणं सांगतात?’ लांबलचक आहे, मान्य. पण यातल्या प्रत्येक तुकड्यासाठी काय मोजायचं ते मला सांगता येतं. भाव आणि विक्री नोंदींतून, वळण्याची किंमत गेमच्या नियमांतून, कारणं मुलाखतींतून. (मुलाखतीला आणि खासगी चॅट वापरायला संमती लागते. सगळं आभासी असलं तरी माणसं खरी आहेत.)

आणि हा काथ्याकूट कशासाठी? कारण ‘आवड’ हा शब्द स्वस्त नाही. एकदा तुम्ही लिहिलंत की कारागीर आवडीपोटी करतात, की पुढचा माणूस म्हणतो, मग त्यांना जास्त पैसे कशाला हवेत? सुतारकाकांना हे ऐकावं लागतं, विणकराला ऐकावं लागतं. उद्या फेलोशिप रखडली की तुम्हालाही ऐकावं लागेल : “संशोधनाची आवड आहे ना तुला?” आवड असतेच हो. पण तिच्या नावाखाली कुणाची मजुरी हिशोबातून गळत नाही ना, हे तपासणं आपलं काम आहे.

आता एक करा. तुमच्या शीर्षकात कुठे ‘की’ असेल तर ते वाक्य वहीत लिहा आणि खाली माझ्या गाईडचा प्रश्न लिहा : ‘कशावरून कळणार?’ उत्तर सुचेपर्यंत शीर्षक टाइप करू नका.