बरोज पदक: निसर्गावर लिहिताना किती खरं असावं?

आजच्या व्याख्यानाचा विषय आहे एक पुरस्कार. अमेरिकेत १९२६ पासून निसर्गलेखनाच्या पुस्तकाला जॉन बरोज यांच्या नावाचं पदक दिलं जातं. मधली काही वर्षं सोडली तर ते जवळजवळ दरवर्षी दिलं गेलं आहे. मानकऱ्यांची यादी वाचून दाखवायचा आमचा बेत नाही, ती कुठेही मिळेल. आम्हाला रस आहे तो त्याच्या अटीत. भाषा चांगली हवी, पुस्तक वाचावंसं वाटायला हवं, असं सगळेच पुरस्कार म्हणतात. इथं त्याच्या जोडीला आणखी दोन गोष्टी लागतात: शास्त्रीय माहिती अचूक पाहिजे, आणि लेखकानं स्वतः जाऊन, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं पाहिजे.

ऐकायला किती साधं वाटतं! पण बरोज यांच्या नावाला ही अट का शोभते ते कळायला एक जुनं भांडण माहीत असावं लागतं.

आधी माणूस कोण ते बघू. जॉन बरोज यांचा जन्म १८३७ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिल डोंगरांतला. शेतकऱ्याचा मुलगा. यादवी युद्धाच्या काळात वॉशिंग्टनला सरकारी कोषागारात नोकरी केली, तिथं कवी वॉल्ट व्हिटमनशी मैत्री झाली. पुढं बँक तपासनीस म्हणून काम केलं आणि हडसन नदीकाठी फळबाग लावली. १८७१ साली पक्ष्यांवरचं पहिलं पुस्तक आलं आणि मग पन्नास वर्षं हा माणूस लिहीत राहिला. बँकेच्या वह्या तपासणाऱ्याची नजर त्यांच्या लेखनात आहे असं आम्हाला नेहमी वाटतं. जमाखर्च जुळला नाही की ते अस्वस्थ होत.

आता भांडण. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्राणिकथांची लाट आली. किपलिंगचं ‘जंगल बुक’ १८९४ चं. मोगली आणि आपल्या शेजारचं सिवनीचं रान तुम्हाला ठाऊकच आहे. पण किपलिंगचे प्राणी माणसासारखे बोलतात, त्यामुळे कुणाची फसगत होत नाही. अर्नेस्ट थॉम्प्सन सीटन यांचं १८९८ चं पुस्तक मात्र ‘या गोष्टी खऱ्या आहेत’ असं सांगत आलं. त्यात न्यू मेक्सिकोतला लोबो लांडगा आहे. कुत्र्यांना चकवायला मेंढीच्या पाठीवर बसून जाणारा कोल्हा आहे. साखळीला बांधलेल्या पिल्लाची सुटका होत नाही म्हणून त्याला विष आणून देणारी कोल्हीण आहे. पुस्तक धडाक्यानं खपलं. सीटन यांच्या जोडीला विल्यम लाँग नावाचे पाद्री होते. खंड्या पक्षीण डबक्यात मासे आणून सोडते आणि पिल्लांची शाळा घेते, असं त्यांनी लिहिलं. वुडकॉक हा दलदलीतला पक्षी मोडलेल्या पायाला चिखलाचं प्लॅस्टर करतो, हेही त्यांचंच.

मार्च १९०३ मध्ये ‘अटलांटिक मंथली’ मासिकात बरोज यांनी लेख लिहून या मंडळींना झोडपलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: गोष्ट म्हणून सांगा, कुणी अडवलेलं नाही, पण निसर्गाचा इतिहास म्हणून विकू नका. ते इतके चिडले होते त्यालाही कारण होतं. ही पुस्तकं शाळांमधून मुलांच्या हातात जात होती. शहरात वाढणाऱ्या मुलाला खरा कोल्हा कधी दिसणार? त्याच्यासाठी पुस्तकातला कोल्हा हाच खरा कोल्हा.

लाँग यांनी माघार घेतली नाही. आम्ही पाहिलं म्हणजे पाहिलं, तुम्हाला दिसलं नाही हा तुमचा दोष, असा त्यांचा पवित्रा. वाद चार वर्षं धुमसत राहिला आणि १९०७ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट त्यात उतरले. निसर्गाच्या नावानं बनावट माल विकणारे, अशा अर्थाचा एक शब्दच त्यांनी रूढ केला. जॅक लंडनसुद्धा त्या तडाख्यातून सुटले नाहीत. देशाचा अध्यक्ष लांडगा हरणाला कसा मारतो यावर जाहीर वाद घालतोय, हे चित्र आज डोळ्यांसमोर आणून बघा!

बरोज १९२१ मध्ये गेले. त्याच वर्षी त्यांच्या चाहत्यांनी संस्था काढली आणि पाच वर्षांनी पदक सुरू झालं. पहिलं पदक विल्यम बीबी यांना मिळालं. आणि दुसरं, १९२७ चं? अर्नेस्ट थॉम्प्सन सीटन यांना. होय, तेच सीटन.

आम्हाला या सगळ्या इतिहासात हा भाग सगळ्यात आवडतो. सीटन यांनी टीका मनाला लावून घेतली असणार, कारण पुढली वर्षं त्यांनी नोंदी, मोजमापं, नकाशे यांत घातली. १९०९ मध्ये उत्तरेकडच्या सस्तन प्राण्यांवर दोन खंड आणि मग शिकारीच्या प्राण्यांवर चार खंडांचा ग्रंथ. पदक त्या ग्रंथाला मिळालं, लोबोला नाही. पण लोबो वाचतात अजूनही, आणि चार खंड धूळ खातात, हेही सांगायला हवं.

शिवाय बरोज प्रत्येक बाबतीत बरोबर होते असंही नाही. प्राणी पिल्लांना शिकवत नाहीत, सगळं उपजत असतं, यावर ते फार ठाम होते. २००६ मध्ये कालाहारीतल्या मीरकॅट या मुंगसाच्या कुळातल्या प्राण्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मोठे मीरकॅट पिल्लांना आधी मेलेला विंचू देतात, मग नांगी काढलेला जिवंत, मग अख्खा. ही शाळाच की! मग लाँग जिंकले का? आमच्या मते नाही. मीरकॅटचं शिकवणं संशोधकांनी महिनोन्‌महिने मोजून, पडताळून दाखवलं. वुडकॉकचं प्लॅस्टर तसं कुणी दाखवलेलं नाही.

ही अट लेखकाच्या पायात बेडी ठरते का, असा प्रश्न कुणालाही पडेल. इथं रेचल कार्सन यांच्याकडे बघावं. समुद्रावरच्या त्यांच्या पुस्तकाला १९५२ चं पदक मिळालं. ते स्वीकारताना त्यांनी जमलेल्या निसर्गलेखकांनाच टोचलं: आपण एकमेकांसाठीच लिहीत बसलोय, बाहेरच्या लोकांना यात रस नाही असं आपणच ठरवून टाकलंय. दहा वर्षांनी कीटकनाशकांवरचं ‘सायलेंट स्प्रिंग’ आलं. रसायन कंपन्या त्यांच्यावर तुटून पडल्या. बाईंनी पुस्तकाच्या शेवटी पन्नासहून अधिक पानं नुसते संदर्भ दिले होते. सुंदर लिहिणारी बाई म्हणून त्यांना सहज उडवून लावता आलं असतं; त्या पानांमुळे ते जमलं नाही. शिस्त आधीपासून अंगात होती, ती ऐन वेळी कामाला आली.

आल्डो लिओपोल्ड यांना पदक मिळालं १९७७ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर एकोणतीस वर्षांनी. १९४८ मध्ये शेजाऱ्याच्या गवताला लागलेली आग विझवताना ते गेले. पुस्तक पुढच्या वर्षी आलं. तरुणपणी वनखात्यात असताना त्यांनी लांडगे मारले होते आणि ते त्यांनी लिहून ठेवलं आहे. सीटन यांनीही लोबोला स्वतःच पकडलं होतं, पण कथेत लोबो नायक होतो. लिओपोल्ड लांडग्याला नायक करत नाहीत. आपण चुकलो एवढं सांगतात आणि लांडगा गेल्यावर डोंगराचं काय होतं ते दाखवतात.

२००५ चं पदक रॉबिन वॉल किमरर यांच्या शेवाळावरच्या पुस्तकाला मिळालं. त्या वनस्पतिशास्त्रज्ञ आहेत आणि पोटावाटोमी या आदिवासी समाजाच्या आहेत. भिंगाखाली दिसतं ते त्या लिहितात आणि वाडवडिलांकडून आलेलं ज्ञानही लिहितात. इथं ‘स्वतः पाहिलेलं’ या अटीचा अर्थ जरा रुंदावतो. मराठी वाचकाला इथं मारुती चितमपल्ली आठवावेत. वनखात्यातली दीर्घ नोकरी, स्वतःच्या नोंदी, आणि सोबत आदिवासींकडून मिळालेले शब्द, पक्ष्यांची नावं, समजुती. त्यांची पुस्तकं हातात घेऊन एक करून बघा: लेखकानं स्वतः काय पाहिलं, काय ऐकलं आणि कुणाकडून, याच्या खुणा पेन्सिलनं करत चला. आम्ही अशी काही पानं वाचली आहेत. काही ठिकाणी खूण कुठली करावी हे ठरवता येत नाही. प्रश्नोत्तरांत तिथूनच सुरुवात करू या.